न भाजलेल्या किड्याचा हिशोब

तीर्थरूप मामांस,

वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. पूर्ण वाकता येत नाही, कारण तुमच्या कन्येला, टिटवीला, पलंग दिल्यापासून मी जमिनीवर झोपतो आहे आणि कंबरेने माझ्याशी असहकार पुकारला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा डोळा निवळला का? मामींनी टिटवीच्या हाती चिठ्ठी पाठवून विचारलं आहे की ऑपरेशननंतरचे थेंब जेवणाआधी घालायचे की नंतर, आणि खाली लिहिलं आहे, ‘तू बायॉलॉजीवाला, तुला कळेल.’ मामींना माझा नमस्कार सांगा आणि थेंब डॉक्टरांनी सांगितलेत तसेच घाला म्हणावं. मला फक्त माशीच्या डोळ्याची माहिती आहे, आणि माशी थेंब घालू देत नाही. (हे वाचून मामी म्हणतील, मग एवढं शिकून उपयोग काय. त्यांचं बरोबर आहे. पुढचं सगळं पत्र त्यावरच आहे.)

तुमचं बंद पाकीट टिटवीने आल्या आल्या माझ्या हातात दिलं. आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिने उघडून बघितलंही नाही, ही तुमच्या घरची शिस्त. तुम्ही लिहिलंत की पोरीच्या डोक्यात बायॉलॉजी शिरली आहे. तुमच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची तयार असताना हिला बेडकांत रस. तेव्हा आठवडाभर ठेवून घे, तुझी अवस्था तिला नीट दाखव, म्हणजे भूत उतरेल. आणि तू स्वतः ही डिग्री घेतली आहेस, तर खर्च किती झाला आणि मिळकत किती झाली हे दोन बाजूंना मांडून कळव, म्हणजे मला ते तिच्यापुढे ठेवता येईल. ‘तुझी अवस्था नीट दाखव’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मामा, हयातभर दुसऱ्यांचे हिशोब तपासून तुमची भाषा अशी झाली आहे की माणसाला रागावायलाही जागा सापडत नाही. मी रागावलो नाही. अवस्था आहे, दाखवण्यासारखी आहे, आणि मी ती इमानदारीने दाखवली. आता हिशोब.

खर्चाच्या बाजूला फी लिहाल तर फी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. त्यावर पांढरा कोट आला, कात्र्या-चिमट्यांची पेटी आली, आकृत्या काढायच्या पेन्सिली आल्या (आमच्या सरांना एकाच कडकपणाची पेन्सिल चालायची आणि ती एकाच दुकानात मिळायची, आणि ते दुकान सरांच्या मेहुण्याचं होतं). एकदा दलदलीत पक्षी बघायला नेलं, तिथे माझा एक बूट चिखलात गेला तो अजून तिथेच आहे. पक्षी आम्ही पोचायच्या आत उडून गेला होता. सरांनी तो कसा उडाला असेल याचं वर्णन केलं आणि ते परीक्षेला आलं. एवढं सगळं खर्चात धरा. पण खरा खर्च मला मांडता येत नाही. तिसऱ्या वर्षी बाबांनी स्कूटर विकली, चालणं तब्येतीला चांगलं असं सांगून. त्यानंतर रिटायर होईपर्यंत ते कामावर चालत गेले आणि चालत आले. आणि मी काय करायचो, तर संध्याकाळी ते दारात बूट काढत असताना त्यांच्यासमोर उभा राहून गांडुळाचं रक्ताभिसरण म्हणून दाखवायचो, कारण परीक्षा जवळ आलेली असायची. गांडुळाला एकापेक्षा जास्त हृदयं असतात हे ऐकून ते म्हणाले होते, मग त्याला मुलं शिकवणं जड जात नसेल. आज ते नाहीत. तुम्ही तपासनीस आहात, हे कोणत्या रकान्यात घालायचं ते तुम्हीच ठरवा.

मिळकतीची बाजू सुरू व्हायला वेळ लागला. पहिली नोकरी शाळेत मिळाली, पण बायॉलॉजीची जागा भरलेली होती आणि चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून मला चित्रकला दिली. मी मुलांना फळ्यावर हृदय काढून दाखवलं, खरं, झडपांसकट. दोन मुली रडल्या आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. नंतर औषध कंपनीचा विक्रेता झालो. त्यात डॉक्टरांच्या दारात तासन् तास बसायचं असतं, आणि माझा चेहरा असा की शेजारचे पेशंट मला आधी आत जा म्हणायचे. त्यानंतर शोभेच्या माशांचं दुकान. त्या मालकाला शिकलेला माणूस नको होता, शिकलेले उलट बोलतात म्हणून, तेव्हा मी डिग्री लपवली. पण गिऱ्हाइकाने एवढ्याशा काचेच्या भांड्यासाठी तीन मासे मागितले की माझ्या तोंडून निघायचं, की यातला एकही जगणार नाही. मालकाने मला फार मायेने काढून टाकलं. जाताना एक मासा दिला. (तो जगला नाही.)

आणि मग बिस्किटांचा कारखाना, जिथे मी इतकी वर्षं आहे आणि जिथे माझं काम काय हे घरात कोणालाच नीट माहीत नाही, कारण सांगायला लागलं की समोरचा विषय बदलतो. आईने आणलेली चार स्थळं या कामावरून परत गेली. मुलगा काय करतो, तर बिस्किटात सापडलेला किडा भाजला गेला होता की नव्हता ते बघतो. आता हसू नका. एखाद्याला पाकिटात किडा सापडला की तो चिडून ते पाकीट कंपनीला पाठवतो. किडा जर आधीपासून पिठात असेल तर तो भट्टीतून गेलेला असणार, म्हणजे भाजलेला, म्हणजे चूक आमची. आणि भाजलेला नसेल तर तो भट्टीनंतर शिरला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी शिरला, म्हणजे चूक त्यांची. तेव्हा मी किड्याचे दोन भाग करायचे, एक चिरडून त्यावर औषधाचा थेंब टाकायचा. बुडबुडे उठले तर किडा न भाजलेला, नाही उठले तर भाजलेला. दुसरा अर्धा भाग पुराव्यासाठी टाचणीला लावून जपून ठेवायचा, कारण साहेबांचा नियम आहे की कोर्टात गरज पडली तर किडा हजर पाहिजे. त्यामुळे कारखान्यातल्या माझ्या खोलीत रद्द झालेल्या, पोचे आलेल्या बिस्किटांच्या डब्यांत अर्ध्या किड्यांचा मोठा संग्रह होता. त्यात दुपारच्या सुट्टीत कुंपणापाशी मला सापडलेले काही पूर्ण किडेही होते, ते माझे स्वतःचे, शौकाचे. पगार भट्टीवाल्यापेक्षा कमी आणि शिपायापेक्षा जास्त. कारखान्यात मला ‘किडे’ म्हणतात. ‘किडे आले का?’ ‘किडे जेवायला गेले.’ सुरुवातीला वाईट वाटायचं, आता हाक मारली की ओ देतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला लिहून ठेवतो, कारण ती ना खर्चात बसते ना मिळकतीत. इतक्या वर्षांत मायक्रोस्कोपखाली मी काय काय बघितलं, मामा. पिठातल्या साध्या किड्याच्या पाठीवर रेघा असतात, कोणी पट्टी धरून आखाव्यात तशा. एकदा एका माशीच्या पंखावर उन्हाची तिरीप पडली आणि मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेलो, कोणाला तरी हाक मारायला, हे बघा म्हणायला. बाहेर पॅकिंगवाले होते, साहेब होते. साहेब फक्त भाजलेला की न भाजलेला एवढंच विचारतात. मी परत येऊन बसलो. असं अनेकदा झालं.

असो. टिटवीला अवस्था दाखवायची होती. पहिल्या दिवशी राहायची खोली दाखवली: एक टेबल, एक खुर्ची, एक पलंग, आणि खिडकीत बरणीत ठेवलेली अळी, जी फुलपाखरू होईल असं वाटून मी पोसली होती आणि जी पतंगही न होता वाळली. त्याच संध्याकाळी घरमालकीणबाई नेहमीप्रमाणे जीभ दाखवायला आल्या. (त्या मला डॉक्टरच समजतात. मी रोज जिभेकडे बघून हं म्हणतो, त्यांना बरं वाटतं आणि भाडं वाढत नाही. खरं तर हे मिळकतीत धरायला हवं.) टिटवीने त्यांची जीभ माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितली आणि चव सगळीकडे सारखी लागते का असं विचारलं. बाई तिच्यावर खूष झाल्या. मी म्हटलं, हा बेत फसला, हिला कारखान्यात न्यायला पाहिजे, तिथे भूत नक्की उतरेल.

साहेबांची परवानगी काढून तिला माझ्या खोलीत स्टुलावर बसवलं. खोली म्हणजे पॅकिंग हॉलच्या कडेला लाकडी भिंत घालून काढलेला कोपरा. भिंतीच्या वरच्या भागाला काचा, त्यातली एक फुटून दोन वर्षं झाली, आणि हॉलचे मोठे दिवे त्यातून सरळ आत येतात. मी ठरवून कंटाळवाणं बोललो. थेंब टाकून दाखवला. बुडबुडे आले. ती म्हणाली, पुन्हा टाक ना. मी म्हटलं, यात बघण्यासारखं काही नाही. या वर्षात आलेली प्रत्येक तक्रार अशीच, तोच एक बारीक ठिपकेदार भुंगेरा, मोहरीपेक्षा जरा मोठा, आणि प्रत्येक वेळी बुडबुडे. म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. हा लोकरीत राहणारा किडा असतो, तेव्हा मी सगळ्यांना एकच ठरीव उत्तर पाठवतो की हा किडा आपल्या घरातला आहे, कृपया आपले गालिचे व कपाटे स्वच्छ ठेवावीत. साहेब माझ्यावर इतके खूष आहेत की वर्षाअखेर पगारवाढ आणि सहायकाचा अधिकारी करतो म्हणाले आहेत. मी हे तिला जरा फुशारकीनेच सांगितलं, हे कबूल करतो. कित्येक वर्षांत फुशारकी मारायला माणूस मिळाला नव्हता.

मग तिला पुरती निराश करावं म्हणून मी संग्रहाचा डबा काढला. म्हटलं, बघ, डिग्री घेऊन माणूस अर्धे किडे सांभाळतो. झाकण उघडलं. टाचण्या होत्या, टाचण्यांवर काही नव्हतं. म्हणजे पंख होते, एखादा पाय होता, आणि खाली तपकिरी भुगा. दुसरा डबा तसाच. मला वाटलं, जुने झाले, झडले. कोणतीही शहाणी मुलगी शी म्हणून मागे सरकली असती, मामा, आणि तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर जाऊन बसली असती. तुमची मुलगी डब्यात नाक घालून म्हणाली, ‘दादा, हे बघ ना. हे हलतंय.’

हलत होतं. केसाळ बारीक अळ्या होत्या, मेलेले, सुकलेले किडे खाऊन वाढतात त्या. आणि डब्याच्या कडेला त्यांचे मोठे झालेले भुंगेरे, बारीक, ठिपकेदार, मोहरीपेक्षा जरा मोठे. हा किडा लोकरीत राहतो हे खरं, पण सुके किडे त्याला त्याहून आवडतात, आणि जिथे असा संग्रह असतो तिथले लोक त्याला चळाचळा कापतात. हे मला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. त्यावर मला चांगले मार्क होते. मोठा झाल्यावर हा भुंगेरा उजेडाकडे उडतो हेही शिकवलं होतं. मी मान वर करून फुटलेल्या काचेकडे बघितलं. पलीकडे पॅकिंग हॉलचे दिवे, दिव्यांखाली पट्टा, पट्ट्यावर भट्टीतून निघालेली, अजून पाकिटात न गेलेली उघडी बिस्किटं. भट्टी आणि गिऱ्हाइकाचं घर यांच्या मधे पॅकिंग हॉल असतो, हे आमच्या तपासणीत कोणी धरलेलंच नव्हतं. साहेबांनी नाही, मी नाही. वर्षभर माझेच किडे माझ्याच डब्यांतून उडून बिस्किटांत जात होते, पोस्टाने माझ्याकडे परत येत होते, मी त्यांचे दोन भाग करून अर्धा भाग पुन्हा त्याच डब्यात ठेवत होतो, आणि तो अर्धा भाग डब्यातले बाकीचे किडे खात होते. (डांबराच्या गोळ्यांसाठी मी खरेदी खात्याकडे वारंवार अर्ज केले होते. बिस्किटांना वास लागेल म्हणून ते नामंजूर झाले. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. थोडंसं लिहितो आहे.)

माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, झाकण लाव, डबे गुपचूप कचऱ्यात टाकू, वर औषध मारू, महिन्याभरात तक्रारी आपोआप थांबतील. कोणाला कळणार? सगळ्या कारखान्यात या किड्याला ओळखणारा मी एकटा.  टिटवी टेबलावरचा ‘निकाली’ लिहिलेला गठ्ठा चाळत होती, माझ्या ठरीव उत्तराला लोकांनी पाठवलेली उत्तरं. ती मी वाचत नसे, कारण प्रकरण संपलेलं असे. तिने त्यातलं एक वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. कोणी एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. त्यांनी फार अजिजीने लिहिलं होतं की आमच्या घरात गालिचा नाही. तरी तुमच्यासारख्या जाणकारांनी लिहिलं म्हणून सगळी कपाटं रिकामी करून उन्हात टाकली, दोनदा घासली. लोकरीचं म्हणाल तर यजमानांचा एक कोट होता, ते गेल्यापासून तसाच ठेवला होता, तो तेवढा टाकून दिला. आता आपली हरकत नसेल तर बिस्किटं पुन्हा आणू का, आणि शेजारच्या बायकांना घरात बोलावलं तर चालेल का.

टिटवी म्हणाली, ‘मग आता या आजींना काय लिहायचं?’

मामा, मला फार वाईट वाटलं. बाबांचा एक कोट माझ्या खुंटीला आहे. घालत नाही, पण आहे.

मी साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि बशीतलं बिस्कीट बाजूला सारलं. म्हणाले, तुम्ही शिकलेले नसतात तर हे कोणाला कळलंच नसतं. खरं आहे. डिग्रीचा उपयोग काय असं तुम्ही विचारलंत ना, मामा, तो हा. माझ्या जागी न शिकलेला माणूस असता तर तो आजही सुखाने थेंब टाकत असता आणि वर्षाअखेर अधिकारी झाला असता. साहेब पुढे म्हणाले, रिपोर्टात ‘अनिर्णित’ लिहा, डबे मी उचलायला सांगतो, गिऱ्हाइकांना एकेक पुडा फुकट पाठवू, विषय संपला. त्यांनी कागद पुढे सारला. आणि मी लिहिणार होतो. तुमच्याशी खोटं बोलत नाही, ‘अ’ काढून झाला होता. पण साहेबांच्या केबिनच्या काचेतून समोर माझी खोली दिसते, आणि तिथे तुमची मुलगी स्टुलावर बसली होती, आजींचं पत्र घडी घालून हातात धरून. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मायक्रोस्कोपला डोळा लावून ती माझा एक भुंगेरा बघत होती, दुसरा डोळा हाताने झाकून, जसं नवशिके करतात. मी तो कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर जे होतं ते लिहिलं: किडा कंपनीतला, किडा माझा, गिऱ्हाइकांचा दोष नाही. सही केली. पट्टा बंद पडला, सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला, आणि डबे मागच्या अंगणात नेऊन जाळले. त्यात माझे कुंपणापाशी सापडलेले पूर्ण किडेही गेले. त्या वेळी मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

तर हा हिशोब. खर्चाच्या बाजूला फी, पेन्सिली, एक बूट, चार स्थळं आणि बाबांची स्कूटर. मिळकतीच्या बाजूला भट्टीवाल्यापेक्षा कमी पगार, न वाढलेलं भाडं, आणि स्वतःची चूक स्वतः ओळखण्याइतकं ज्ञान. तुम्ही दोन्ही बाजूंची बेरीज कशीही करा, जमणार नाही. तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे आणि तो तुम्ही बेलाशक टिटवीपुढे ठेवा: तिला हा विषय घेऊ देऊ नका. तुमच्या ऑफिसातली खुर्ची चांगली आहे, खिडकीजवळ आहे, तिच्यावर वेळेवर पगार होतो. मी माझी अवस्था तिला दाखवली आणि त्याहून वाईट अवस्था तिच्यादेखत करून घेतली. यापेक्षा भाच्याने मामासाठी आणखी काय करावं?

मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा भाजून निघालेला भाचा

ता. क. मिळकतीच्या बाजूला एक दुरुस्ती करावी लागेल. पगार असं वर लिहिलं आहे, तिथे ‘होता’ घाला. साहेबांनी मला फार मायेने काढून टाकलं. (मला नेहमी मायेनेच काढतात.) चालू महिन्याचा पगार पूर्ण दिला. माशांच्या दुकानाचा मालक परत घेतो म्हणाला आहे, निम्म्यावर. त्याला माझी डिग्री अजून माहीत नाही. आजींना मी स्वतः लिहिलं. कोट परत मिळेल असं काही लिहिता आलं नाही. बिस्किटं आणा, शेजारणींना बोलवा, एवढं लिहिलं आणि माफी मागितली.

आणखी एक ता. क. हे आधी लिहायला हवं होतं, पण वर सल्ला चालू होता. माझ्या जुन्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस काल होता. अर्जावर ‘वडील किंवा जबाबदार नातेवाईक’ अशी जागा असते. वडील गावाला होते. जबाबदार हा शब्द मी जरा वेळ बघत राहिलो आणि सही केली. टिटवीच्या पहिल्या वर्षाची फी माझ्या त्या शेवटच्या पगारातून गेली. म्हणजे एका डिग्रीची मिळकत संपली ती थेट दुसरीच्या खर्चात जमा झाली. अशी नोंद तुम्ही कधी तपासली नसेल. तिने फार विरोध केला. म्हणाली, बाबांना विचारल्याशिवाय नको. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी विचारलं होतं, मी त्यांना सविस्तर उत्तर लिहितो आहे.

शेवटचा ता. क. खरं काम हे आहे. माळ्यावर पाहुण्यांची गादी आहे ना, निळ्या पट्ट्यांची, ती टिटवीबरोबर पाठवून द्या. घरमालकीणबाई तिला आपल्या खोलीत झोपायला जागा देतात, जीभ दोघांनी मिळून बघायची या अटीवर. म्हणजे मला माझा पलंग परत मिळेल आणि कंबर वाचेल. ती या विषयात सुखी होईल असं मी लिहिणार नाही, मला तसं वाटत नाही. कंटाळेल, चिडेल, तिलाही कोणी ‘किडे’ म्हणेल. पण काहीतरी दिसलं तर हे बघ म्हणायला तिला मी असेन, आणि मला ती. मला हे इतकी वर्षं नव्हतं, मामा.

पत्र तिच्याच हाती देतो आहे, तुमचंही तिनेच आणलं होतं म्हणून. तिला आत काय आहे ते ठाऊक आहे, या वेळी मीच वाचून दाखवलं. बाबांचं वाचून होईपर्यंत समोर उभी राहा असं सांगितलं आहे, आणि पत्र फार लांबलं. आता वर बघा, आणि तिला बसायला सांगा.